नेटवरून काढून आण!

'आमच्या लहानपणीचं इंटरनेट' हा विषय निघाला की आमच्या संगणकवाल्या जमातीचे डोळे पाणावतात. डायलअपचा तो कर्कश आवाज, याहू मेसेंजरचे पिवळे चेहरे, ऑर्कुटवरचे स्क्रॅप, 'एएसएल प्लीज', रात्री दोनचा गजर लावून सुरू केलेली डाऊनलोड... यादी ठरलेली, उसासेही ठरलेले. आणि शेवटी एक वाक्य हमखास येतं. 'तेव्हाचं इंटरनेट किती निरागस होतं यार, सगळ्यांचं होतं. आता कंपन्यांनी पार वाट लावली.'

कंपन्यांनी वाट लावली हे मान्य. निरागस वगैरेवरही मी भांडणार नाही, ज्याला त्याला आपलं लहानपण निरागसच वाटतं. पण त्या 'सगळ्यांचं' या शब्दापाशी माझं घोडं दर वेळी अडतं. कोण सगळे?

मी गंगापूरचा. नाशिकच्या धरणाचं गंगापूर ते वेगळं. आमचं गंगापूर औरंगाबाद जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं गाव. ज्या तालुक्यात वाळूज आहे, लासूर स्टेशन आहे आणि कडेने गोदावरी वाहते, ते. माझा जन्म १९९७ चा, म्हणजे वयाने मी या उसासे टाकणाऱ्या टोळीत अगदी फिट्ट बसतो. ऑर्कुट बंद पडलं (३० सप्टेंबर २०१४) तेव्हा मी बारावीत होतो. पण आठवणी जुळत नाहीत हो. आणि त्या का जुळत नाहीत हे सांगितल्याशिवाय हा विषय पुढे न्यायची माझी तयारी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. गंगापुरात इंटरनेट 'वापरायची' गोष्ट नव्हती, ती कुणाकडून तरी 'करून घ्यायची' गोष्ट होती. वीस वर्षांत फोन बदलले, वेग बदलला, पण कामाच्या बाबतीत ही स्थिती जवळपास जशीच्या तशी आहे. आणि 'ते दिवस किती छान होते' या गप्पांनी नेमकी हीच गोष्ट झाकली जाते. म्हणून मला त्या गप्पांचा राग येतो.

आधी जरा इतिहास. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत. त्यासाठी घरात आधी फोन हवा, मग संगणक हवा, मग मोडेम हवा, आणि वर ठरावीक तासांसाठी हजारांत पैसे मोजायची ऐपत हवी. बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं २००५ साली आणि पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत नेट खऱ्या अर्थाने शिरलं. त्यातल्या काही प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोजला जात नसे, म्हणून ते सुप्रसिद्ध गजर. आता मला सांगा, ज्या घरात संगणकच नाही तिथे रात्री दोनला उठून करायचं काय? आमच्याकडे रात्री दोनला उठायचे ते पिकाला पाणी द्यायला, कारण लाईट तेव्हा यायची!

आमच्या गावात नेट होतं ते सायबरमध्ये. 'कॅफे' कुणी म्हणत नसे. नुसतं 'सायबर'. मी दहा-अकरा वर्षांचा होतो, म्हणजे २००७-०८ ची गोष्ट. आत सहा संगणक. पाच मागे, 'सर्फिंग'साठी. एक पुढे, काउंटरवर, तो 'कामाचा'. त्या कामाच्या संगणकाच्या कीबोर्डवरची अक्षरं झिजून पुसली गेली होती. भिंतीवर दरपत्रक लटकलेलं : झेरॉक्स १ रुपया, टायपिंग पानाला १५, निकाल १० रुपये, ऑनलाईन फॉर्म 'विचारून'. लाईट गेली की दादा (सायबरवाल्याला सगळे दादाच म्हणत) इन्व्हर्टरवर फक्त पुढचा संगणक चालू ठेवायचा. मागचे पाच बंद. दिवसातले कित्येक तास लोडशेडिंग असायचं, तेव्हा गणित सोपं आहे. गावातल्या सहापैकी पाच संगणकांना दिवसातला अर्धा वेळ सुट्टी, आणि उरलेल्या एकावर बोटं दादाची.

आम्ही पोरं मागे बसायचो. चौघांत पाच-पाच रुपये काढून एक तास. बघायचं काय, तर जॉन सीना. फोटो वरून खाली हळूहळू उघडायचा. आधी टोपी, मग कपाळ, मग डोळे. लाईट गेली तेव्हा जॉन सीना नाकापर्यंत आला होता, हे मला अजून आठवतं. पैसे परत मिळत नसत. एकदा आम्ही इंग्रजी अक्षरांत आपल्या गावाचं नाव टाकून पाहिलं, तर गूगलने नाशिकचं धरण दाखवलं. आम्ही चौघेही जाम हिरमुसलो. जगात सगळ्या गोष्टी होत्या, आम्हीच नव्हतो.

हेही इंटरनेटच की, असं तुम्ही म्हणाल. मजाही आलीच, नाही असं नाही. पण ती मजा जत्रेतल्या पाळण्यासारखी होती. पैसे दिले, बसलो, उतरलो. आणि खरं, गंभीर, आयुष्याला हात घालणारं इंटरनेट त्याच दुकानात आमच्या डोळ्यांसमोर पुढच्या काउंटरवर चालू होतं. तिथे आम्हाला बसायला खुर्ची नव्हती. तिथे उभं राहायचं असतं.

दहावीचा निकाल हा त्याचा सर्वोच्च सोहळा. सायबरबाहेर शंभर-दीडशे माणसं. हातात हॉल तिकीट. साईट उघडत नाही, दादाचा भाऊ नुसता एफ-फाईव्ह दाबत बसलाय. मग एकदम आरोळी : 'लागला!' आणि दादा एकेक सीट नंबर टाकून मोठ्याने वाचायला लागायचा. 'त्रेसष्ट चाळीस! पुढचा.' 'गणितात गेला. पुढचा!' तालुक्याला तुमचे गणिताचे मार्क तुमच्या आईच्या आधी कळायचे. माझ्या चुलतबहिणीचा निकाल मी असाच ऐकला. तिच्या हातात निकाल आला तो कागदाच्या चिठोऱ्यावर, दहा रुपये दिल्यावर, सगळ्यांचं ऐकून झाल्यावर.

म्हणून आमच्याकडची भाषाही तशीच घडली. शहरातली मुलं 'नेटवर जात'. आमच्या गावात नेटवर कुणी जात नसे. घरातलं मोठं माणूस म्हणायचं, 'जाय रे, निकाल नेटवरून काढून आण.' 'हॉल तिकीट काढून आण.' 'सातबारा काढून आण.' वाळूजला कंपनीत असलेले काका सुट्टीच्या दिवशी यायचे ते पीएफचं 'काढून आणायला'. विहिरीतून पाणी काढून आणावं तसं. विहीर दुसऱ्याची, पोहरा दुसऱ्याचा, दोर दुसऱ्याच्या हातात.

मराठीची आणखी एक गंमत. तहसीलला द्यायचे अर्ज दादा मराठीत टाइप करायचा, पण ते जुन्या फॉन्टमध्ये. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी... फाईल दुसऱ्या संगणकावर नेली की अक्षरांचा भुगा. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर आहे हे फक्त दादाला माहीत. म्हणजे स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहायच्या तरी त्याच्याकडेच जायचं. युनिकोड तोवर जगात येऊन बसलं होतं, विंडोज एक्सपीत मराठी होतंही, पण ते चालू करायला मूळ सीडी लागायची. ती आमच्या तालुक्यात कुणी पाहिली असेल असं मला वाटत नाही. :)

माझा पहिला ईमेल आयडीसुद्धा मी उघडलेला नाही. फॉर्ममध्ये ईमेल लागतो म्हणून दादाने उघडून दिला. नाव, पुढे जन्मसाल. पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३. निम्म्या तालुक्याचा पासवर्ड तोच होता! आता हे ऐकून माझे सिक्युरिटीवाले मित्र छाती पिटतात. पिटा. पण आधी विचार करा की ज्या मुलाला तो आयडी पुन्हा उघडायलाही त्याच दुकानात यायचंय, त्याला वेगळा पासवर्ड देऊन तो ठेवणार कुठे?

२०११ साली केंद्र सरकारने सायबर कॅफेचे नियम काढले. ओळखपत्र दाखवा, वहीत नाव-पत्ता-वेळ लिहा, बसायच्या कप्प्यांची भिंत साडेचार फुटांहून उंच नको. हेतू सुरक्षेचा होता. आमच्यापुरता परिणाम एवढाच झाला की अल्पवयीन पोरांना मागे बसवायला दादा कां-कूं करायला लागला. ओळखपत्र आणायचं कुठून? मागचे संगणक हळूहळू बंद पडले, त्यांच्या जागी लॅमिनेशनचं मशीन आलं. पुढचा संगणक राहिला. थोडक्यात, जत्रा उठली आणि काउंटर तेवढा उरला.

खरं म्हणजे मला माझं स्वतःचं इंटरनेट भेटलं ते सायबरमध्ये नाहीच. ते भेटलं चुलतभावाच्या जुन्या नोकियावर. पाच रुपयांचं दिवसाचं पॅक आणि ऑपेरा मिनी. मराठी बातम्यांची साईट उघडली की पडदाभर चौकोन. मग कुणीतरी एक करामत सांगितली. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं, एक लांबलचक यादी उघडते, तिच्यात तळाशी कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का असा प्रश्न असतो, तिथे 'येस' करायचं. केलं. आणि चौकोनांच्या जागी मराठी! पैसे न देता, कुणाला न विचारता, मी माझ्या बोटांनी काहीतरी दुरुस्त केलं होतं. पुढे इंजिनिअरिंगला गेलो त्याचं बीज कॉलेजच्या माहितीपत्रकात नाही, त्या 'येस'मध्ये आहे.

जुन्या इंटरनेटचं काही जपण्यासारखं असेल तर ते हे. डायलअपचा आवाज नव्हे. मोडकंतोडकं का होईना, यंत्र माणसाच्या स्वतःच्या हातात असणं आणि ते उघडून बघता येणं. ज्यांना ते लहानपणी फुकट मिळालं त्यांना त्याची किंमत कळली नाही, ते आवाज आठवत बसले.

आता आजचं घ्या. 'अरे, आता तर सगळ्यांकडे फोन आहेत, जिओ आलं की' हे उत्तर मला तोंडपाठ आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा खरंच स्वस्त झाला. मी नाकारत नाही. माझी आई यूट्यूब बघते, भाऊबंद शेतातून व्हिडिओ कॉल करतात. पण एक दिवस सुट्टी काढून तालुक्याच्या ठिकाणी, तहसील कचेरीच्या आसपास फेरी मारा. ऑनलाईन कामं करून देणाऱ्या दुकानांची रांग, आणि दुकानांपुढे माणसांची रांग. पिकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, ई-केवायसी, प्रवेशाचे फॉर्म. आणि रांगेतली माणसं वेळ घालवायला काय करताहेत? फोनवर नेट बघताहेत! हातात फोर-जी आणि रांग नेटसाठी. हे दृश्य ज्याला विचित्र वाटत नाही त्याने स्वतःला खुशाल संगणकतज्ज्ञ म्हणवून घ्यावं.

म्हणजे इंटरनेट गंगापुरात आलं ते चिरफाळ्या होऊन आलं. करमणुकीची फोड हातात पडली, कामाची फोड काउंटरमागेच राहिली. आणि ही काही निसर्गाची करणी नाही. कुणीतरी तशी चिरली म्हणून ती तशी आहे.

पुरावा देतो. महाराष्ट्रात लागोपाठ दोन शेतकरी कर्जमाफ्या झाल्या. पहिली जून २०१७ मध्ये जाहीर झाली, ३४ हजार कोटींची. तिच्यासाठी ऑनलाईन अर्ज सक्तीचा होता. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत ऐन हंगामात लोक केंद्रांपुढे उभे होते. कुटुंबाची अट, म्हणून नवरा-बायको दोघांनी यायचं, दोघांचे अंगठे. सर्व्हर डाऊन, उद्या या. आणि एवढं करून दिवाळीत याद्या निघाल्या तेव्हा त्या बँकांच्या माहितीशी जुळेनात, पुन्हा तपासणी आली. दुसरी कर्जमाफी जाहीर झाली डिसेंबर २०१९ मध्ये, दोन लाखांपर्यंतच्या कर्जाची. तिला अर्जच नव्हता. बँकांकडून याद्या घेतल्या, गावात लावल्या, शेतकऱ्याने आपलं नाव पाहून फक्त आधारचा अंगठा द्यायचा.

लक्षात येतंय का? अडीच वर्षांचं अंतर. तेच राज्य, त्याच बँका, तेच शेतकरी, तेच नेटवर्क. खातं कुठलं, कर्ज किती, थकलं कधी, हे सगळं बँकेच्या संगणकात २०१७ मध्येही होतं. एका संगणकात असलेली माहिती दुसऱ्या संगणकात टाकण्यासाठी लाखो माणसांना भरउन्हात, भरपावसात उभं केलं, आणि त्या प्रकाराला 'डिजिटल' म्हटलं. तुम्ही म्हणाल, बोगस लाभार्थी रोखायचे होते. ठीक. मग २०१९ ला अंगठ्यावर भागलं ते कसं? तेव्हा फॉर्म ही तांत्रिक गरज नसते, तो एक निर्णय असतो. कुणाच्या वेळेला किंमत आहे आणि कुणाच्या वेळेला नाही, याचा निर्णय.

तरी पुढे तेच चालू. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पिकविमा आला. दीड कोटीहून जास्त अर्ज झाले. केंद्रचालकाला प्रत्येक अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीने द्यायचे, शेतकऱ्याकडून एक रुपयाच घ्यायचा, असं ठरलेलं. प्रत्यक्षात शंभर-शंभर रुपये घेतल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. पुढे लाखो बोगस अर्जही सापडले, आणि २०२५ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. बोगस अर्जांचं आश्चर्य वाटायचं कारण काय? ज्याच्या हातात कीबोर्ड, तो कुणाच्याही नावाने भरू शकतो. निम्म्या तालुक्याचा पासवर्ड एकच होता, त्याचीच ही मोठी आवृत्ती. २०२४ ला लाडकी बहीण आली, तेव्हा दाखल्यांसाठी रांगा. २०२५ मध्ये त्याच योजनेची ई-केवायसी आली. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी. आधारला जोडलेला नंबर कुठला, तर पाच वर्षांपूर्वी रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. ओटीपी जातो कुठे, देव जाणे.

आणि नावांचं तर विचारूच नका. सातबारा मराठीत, बँकेचं खातं इंग्रजीत, आधारवर दोन्ही. आता 'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या, आमच्याकडे दर गल्लीत दोन आहेत. त्या 'ज्ञ'चं इंग्रजी स्पेलिंग कुणी 'डी'ने सुरू करतो, कुणी 'जी'ने. आधारवाल्याने डी लावला, बँकेतल्याने जी. झालं! संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. मग ज्ञानेश्वरने दिवस मोडून सिद्ध करायचं की तो ज्ञानेश्वरच आहे. सातशे वर्षांहून जुनं नाव आहे राव हे, आणि ते जुळवायची अक्कल फॉर्म बनवणाऱ्याला नसते? दोन स्पेलिंगं सारख्या उच्चाराची आहेत का, हे ओळखणं आमच्या धंद्यात अवघड कामात मोडत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : 'लोकांना डिजिटल साक्षर करा.' ऐकून ऐकून कान किटले. २००१ पासून एमकेसीएलचा एमएससीआयटी कोर्स महाराष्ट्रात चालू आहे, लाखोंनी तो केलाय, माझ्या घरातच तीन सर्टिफिकिटं आहेत. साक्षरता कमी पडते म्हणून फॉर्म भरता येत नाही, हे खरं असेल तर मग यूपीआयचं काय? २०१६ साली सुरू झालेली ही पद्धत आमच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी विकणाऱ्या आजींपर्यंत पोचली. कुठलाही कोर्स नाही. कोड चिकटवला, पैसे आले की डबा बोलतो, संपलं. माणूस तोच. एक गोष्ट त्याला झटक्यात जमते आणि दुसरी दहा वर्षांत जमत नाही, तर खोट माणसात नाही, दुसऱ्या गोष्टीत आहे.

हे काही मी नवीन सांगत नाही. वारणानगरला १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला होता. कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत संगणक केंद्रं. तेव्हा देशभर गाजला. शेतकरी जगभरची शेतीची माहिती बघतील असं स्वप्न होतं. प्रत्यक्षात लोक यायचे ते ऊस किती भरला, तोड कधी, बिल किती, हे विचारायला. आणि कीबोर्ड अर्थातच चालकाकडे. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी तिथल्या काही गावांत प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाईलवर एसएमएसने तीच माहिती. स्वस्तही पडलं आणि चाललंही. धडा समोर होता, की माणसाला काय हवंय ते बघा आणि ते त्याच्या खिशातल्या यंत्रावर द्या. त्याऐवजी आपण काय केलं? २०१६ मध्ये मेळघाटातलं हरिसाल 'डिजिटल गाव' म्हणून जाहीर केलं, जाहिराती केल्या. २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरेंनी 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत त्या गावाची अवस्था सभांमधून दाखवली, तेव्हा महाराष्ट्र पोट धरून हसला. हसून झाल्यावर जो तो घरी गेला.

आता कुणी म्हणेल, तुझा रोख त्या सायबरवाल्या दादावर आहे. अजिबात नाही! आमच्या गावात इंटरनेट कुणी आणलं असेल तर त्याने. कुठली साईट कुठल्या ब्राउझरमध्ये उघडते, फोटो ५० केबीच्या आत कसा बसवायचा, सर्व्हर पहाटे किती वाजता जागा असतो, हे त्याला कुणी शिकवलं नाही. पुण्यातल्या भल्याभल्या टेस्टरपेक्षा त्याला जास्त कळतं. पहाटे चारला उठून त्याने लोकांचे अर्ज भरलेत. तो नसता तर निम्म्या तालुक्याला काहीच मिळालं नसतं. पण वाईट बांधलेल्या पुलाशेजारी नावाडी चांगला आहे म्हणून पूल बांधणाऱ्याला माफी नसते.

आणि पूल बांधणारे आमचेच भाऊबंद. फायबरच्या लाईनवर, दोन पडदे लावून, एसीत बसून फॉर्म बनतो. पंधरा मिनिटांत सेशन संपतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं, हे त्यांना जाणवतच नाही, कारण त्यांचं दोन मिनिटांत भरून होतं. पीडीएफ २५६ केबीच्या आत हवी म्हणे. गंगापूरच्या शेतकऱ्याने केबी म्हणजे काय ते कुठून आणायचं? खताच्या पोत्यावर किलो लिहिलेलं असतं, केबी नाही. याच मंडळींपैकी बरेच जण शनिवार-रविवारी जुन्या खुल्या इंटरनेटच्या आठवणींनी व्याकूळ होतात. खुलेपणाचं एवढं प्रेम असेल तर सोमवारी कामावर ते दिसू द्या की.

नुसती टीका करतो असं नको, म्हणून तीन मागण्या. एकही चंद्रावर जाण्याइतकी अवघड नाही.

एक, जी माहिती सरकारच्या किंवा बँकेच्या एका संगणकात आहे ती माणसाकडून पुन्हा मागायची नाही. २०१९ ला जमलं ते पुन्हा जमेल.

दोन, कुठलाही फॉर्म लोकांसाठी खुला करण्याआधी तो सहा-सात हजारांच्या फोनवर, मराठीत, एसटी स्टँडवर उभं राहून, शेवटच्या तारखेच्या दुपारी भरून बघायचा. अर्धवट राहिला तर तो तिथेच जपून राहिला पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्याला बिल मिळू नये.

तीन, माणूस काउंटरवर गेलाच, आणि पुढची बरीच वर्षं तो जाणारच आहे, तर त्याच्या नावाने काय भरलं ते मराठीत छापून त्याच्या हातात पडलं पाहिजे, दिलेल्या पैशांच्या पावतीसकट. आणि चालकाला त्याच्या कामाचा धड मोबदला वेळेवर मिळाला पाहिजे, म्हणजे तो शेतकऱ्याच्या खिशाकडे बघणार नाही.

एवढं झालं तर आजच्या दहा वर्षांच्या पोराची गोष्ट वेगळी असेल. तो आज फोनवर गेम खेळतोय, रील्स बघतोय, म्हणजे जॉन सीना आता नाकाशी अडकत नाही, सबंध दिसतो. चांगलंच आहे. पण त्याच पोराला संध्याकाळी आजोबा शंभराची नोट देऊन सांगतात, 'जाय, तेवढं नेटवरून काढून आण.' त्याच्या हातात आधीच नेट आहे, हे त्या घरात कुणाच्या मनातही येत नाही. आजोबांची यात काही चूक नाही. त्यांच्या हातातलं यंत्र त्यांच्या कामाचं आहे असं कुणी त्यांना कधी करूनच दाखवलं नाही.

असो. लांबलं जरा. तुमच्यापैकी जे फॉर्म बनवण्याच्या धंद्यात आहेत त्यांनी उद्या कामावर गेल्यावर आपलाच फॉर्म एकदा फोनवर उघडून बघा. वायफाय बंद करून.